न फुललेली दोनशे सात

१९८५ सालच्या ऑगस्टची नऊ तारीख, शुक्रवार, सकाळचे साडेसहा. फान वस्तीच्या खालच्या कुरणात फांगफेंगची न फुललेली रोपं दोनशे सात भरली.

शाओ ल्येनझीने ती ज्वारीच्या दाण्यांवर मोजली होती. फुलाचा दांडा न आलेलं रोप दिसलं की डाव्या खिशातला एक दाणा उजव्या खिशात टाकायचा आणि रोपाशेजारी एक काडी रोवायची, म्हणजे तेच रोप पुन्हा हिशेबात येत नाही. फुललेली रोपं मोजण्याच्या फंदात ती पडली नाही. ती हजारांनी होती. त्यांच्या पांढऱ्या बारीक फुलांच्या छत्र्यांनी कुरण असं झाकलं होतं, की बांधावरून जाणाऱ्याला वाटावं, पहाटेचं धुकं अजून गवतातून उठलेलं नाही.

ल्येनझीला त्या फुलांचा राग येत होता.

फांगफेंग म्हणजे वारा अडवणारी. नेन नदीच्या या सपाट मुलखात वारा वर्षाचे आठ महिने माणसाच्या हाडांत शिरायला बघतो, आणि ज्याच्या सांध्यांत तो शिरला त्याला वैद्य जी पुडी बांधून देतो तिच्यात हिचं मूळ असतंच. मात्र ते मूळ फुलाआधीचं हवं. दांडा वर आला की मुळातलं तेल, वास, गोडवा, सगळं त्या दांड्याच्या वाटेने निघून जातं. खाली लाकूड उरतं आणि पुढच्या वर्षी तेही कुजतं. म्हणून खणणारे लोक फुललेल्या रोपाला नर म्हणतात, न फुललेल्याला मादी. मादी खणायची. नराला हात लावायचा नाही, कारण तो बी टाकतो आणि कुरण पुन्हा भरतं.

ही रीत फान वस्तीची होती आणि वस्तीला तिचा फार अभिमान होता. शेजारच्या गावांचे लोक दिसेल ते उपटतात, खड्डे तसेच टाकून जातात. आपण बी राखून खणतो. ल्येनझी अठराव्या वर्षी लग्न होऊन इथे आली, तेव्हा सासूने तिला चूल दाखवण्याआधी कुरण दाखवलं होतं. आता ती एकसष्ट वर्षांची होती. एवढ्या काळात तिने एकही नर खणला नव्हता. धाकट्या मुलाने एकदा खणला, तेव्हा त्याच्या हातावर कुदळीचा दांडा बसला होता.

तरीही कुरण बिघडत गेलं. सासूच्या काळी रोप सहा-सात वर्षं पानांवरच असे आणि मूळ कोपरापर्यंत खोल जाई. आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दांडा येतो. पाऊस कमी झाला, म्हातारे म्हणाले. जमीन खारवली, शाळामास्तर म्हणाला. ल्येनझीही हेच म्हणत असे.

मागच्या वर्षी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला ती पितरांसाठी कागद जाळायला कबरींवर गेली. नवऱ्याच्या उंचवट्यावरचं गवत कापताना तिचा विळा एकदम थांबला. तिथे फांगफेंगची रोपं होती, चांगली रुंद पानांची, आणि एकालाही दांडा नव्हता. शेजारी सासूच्या कबरीवर एकच फुललेलं होतं, मनगटाएवढ्या बुंध्याचं. ल्येनझी तिथेच बसली आणि हिशेब करू लागली. नवरा गेला सत्त्याहत्तर साली. कबर खणताना तिथली माती उलटीपालटी झाली होती, म्हणजे या उंचवट्यावरचं कुठलंच रोप सात वर्षांहून जुनं असणार नाही. आणि बुंध्यांवरून पाहता बरीचशी सात वर्षांचीच होती. माती तीच, पाऊस तोच, खारही तोच. मग इथली रोपं सात वर्षं दम धरतात आणि तीनशे पावलांवरची दुसऱ्याच वर्षी फुलतात, असं का?

कबरींवर कुणी खणत नाही. फरक एवढाच होता.

घरी येईपर्यंत उरलेलं तिच्या ध्यानात आलं. जे रोप लवकर फुलतं, त्याला नर म्हणून आपण सोडतो. त्याचं बी पडतं. जे दम धरतं, ते बी टाकायच्या आधीच आपल्या टोपलीत येतं. असं तिच्या आधीपासून चाललं होतं आणि त्रेचाळीस वर्षं तिने स्वतः चालवलं होतं. पेरणीच्या ज्वारीसाठी माणूस उत्तम कणीस बाजूला काढून ठेवतो. फान वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या उत्तम कणीस खाल्लं होतं आणि पोचट पेरलं होतं.

खालचं कुरण तेवढं थोडं वाचलं, कारण तिथलं गवत सामूहिक शेतीच्या ब्रिगेडच्या घोड्यांसाठी राखीव होतं आणि तिथे खणायला बंदी होती. दोन वर्षांपूर्वी घोडे घरोघर वाटले गेले, बंदी उठली, आणि दोन शरदांत लोकांनी तिथल्या माद्या निम्म्याहून खाली आणल्या. उरल्या त्या या दोनशे सात. यांचं बी जमिनीत पडलं तर कुरण सावरणार होतं. येत्या ऑक्टोबरात या टोपलीत गेल्या, तर पुढे कुणाच्या टोपलीत लाकडाखेरीज काही येणार नव्हतं.

ल्येनझीने दाणे खिशात सारखे केले, कमरेचा विळा काढला आणि पहिल्या नराचं डोकं उडवलं.

दुपारपर्यंत तिने कुरणाचा एक कोपरा साफ केला होता. तेवढ्यात बांधावरून घोडीचं फुरफुरणं ऐकू आलं. दुलमा आली होती. पलीकडच्या मंगोल वाडीची ही म्हातारी वीस घोड्या राखायची आणि खणणाऱ्यांवर तिचा कायमचा राग होता, कारण त्यांच्या उघड्या खड्ड्यांत तिच्या दोन घोड्यांचे पाय मोडले होते. ल्येनझी खड्डा बुजवून त्यावर पाय देते, हे पाहिल्यापासून ती फक्त तिच्याशी बोलत असे.

"ल्येनझी, गवत कापायचं तर बुडातून काप. टोकं कसली छाटतेस? न्हाव्याचा धंदा काढलास का?"

"नर मारतेय."

"बरं करतेस. आमच्याकडे पण एक आहे, नुसता दारू पिऊन पडलेला असतो. येतेस का विळा घेऊन?"

ल्येनझी हसली आणि पाठ सरळ करून तिने सगळं सांगितलं. दुलमाने खोगिरावरून न उतरता ऐकलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "अगं, आमच्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शिंगरांतलं चांगलं कुठलं ते बघायचं, ते ठेवायचं, बाकीचे बडवायचे. तुम्ही लोक चांगलं शिंगरू कापून खाता आणि लंगडा घोडा कळपात सोडता. आणि वर म्हणता, कळप बिघडला."

"आमच्या वस्तीला हे सांगायचंय मला."

"त्यांना तू काय सांगणार? ते तुलाच बडवतील."

वस्तीला कुणी सांगितलं कोण जाणे, पण उन्हं कलायच्या आत माणसं बांधावर जमली. पुढे फान शीलिन होता, ल्येनझीचा दीर आणि आता वस्तीचा प्रमुख. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि तिच्याच हातचं खाऊन वाढला होता. त्याच्या मागे च्यू वहिनी होती, जिचा आवाज पाणचक्कीच्या वर ऐकू येई, आणि आणखी दहा-बाराजण.

"वहिनी," शीलिन म्हणाला, "हे काय चाललंय?"

"दिसतंय ते."

"बियाणं कापतेस? आईने तुला हेच शिकवलं का?"

"आईंनी शिकवलं ते चुकीचं होतं. मी पण पुढे तेच शिकवलं. आता थांबवतेय."

च्यू वहिनी पुढे सरली. "ऐका. मेलेल्या सासूची चूक काढायला हिला एकसष्टावं वर्ष उजाडलं. काकू, ऊन लागलंय तुम्हाला. घरी चला, मुगाचं पाणी देते करून."

"तुझ्या मुगाच्या पाण्याने माझं डोकं थंड होईल गं, पण मुळातलं लाकूड मऊ होणार आहे का? मागच्या शरदात तुझी टोपली किती परत आली?"

च्यू वहिनीची सगळी परत आली होती. खरेदी केंद्राच्या तपासनिसाने मूळ मोडून बघितलं होतं आणि म्हणाला होता, बाई, हे चुलीत घाल.

ल्येनझीने कबरींचं सांगितलं. सावकाश, क्रमाने, एकही पायरी न गाळता सांगितलं. मागचा एक तरुण म्हणाला, "मेलेल्यांना कशाची घाई असते? म्हणून तिथली रोपं पण निवांत." सगळे हसले. दुसरा म्हणाला, कबरींची माती वेगळी, तिच्यात पूर्वजांचं पुण्य असतं. तिसऱ्याने विचारलं, तिथलंच बी आणून का पेरत नाही?

"तिथे यंदा बी धरणारी आहेत तीन," ल्येनझी म्हणाली. "तीन रोपांचं बी या अख्ख्या माळाला पुरवतोस? दाखव पुरवून, मी विळा टाकते."

"आणि रीत?" शीलिनने विचारलं. "रीत आहे ना आपली. मादी खणायची, नर राखायचा."

"मादी उपटायची आणि नराला हात लावायचा नाही. ही रीत कुणा पुरुषानेच काढली असणार. त्याने राखून कुणाला राखलं, ते बघ ना समोर."

बायका हसल्या. शीलिन हसला नाही. त्याने सगळ्यांना जायला सांगितलं, आणि माणसं पांगल्यावर तो बांधावर बसला. चिलीम भरली, पेटवली नाही.

"वहिनी, नर काप. मला काही नाही. खालच्या कुरणात माद्या किती आहेत, मोजल्यास?"

"मोजल्या."

"गोणभर निघतील?"

ल्येनझीने विळ्याचं पातं गवतावर पुसलं.

"तपासनीस परवा आला होता. तालुक्याचं खरेदी केंद्र आपल्या इथली खरेदीची शेड बंद करतंय. म्हणाला, या शरदात चांगल्या मुळांची एक गोण भरून दाखवा, एकच, तर शेड ठेवतो. नाहीतर रानचहा, ज्येष्ठमध, मुळं, जे काय असेल ते गाडीला घालून तालुक्याला न्या. साठ ली, दिवसभराची वाट, जायचं, साठ ली यायचं. तुझ्यासारख्या बायकांनी कसं जायचं? दव गोठायच्या तिथीला मी खालचं कुरण खणायला खुलं करणार आहे. सगळ्या वस्तीला. गोण भरेल तेवढं."

"नाही करायचं."

"तुझ्या मालकीचं आहे का ते?"

"नाही. तुझ्याही नाही."

"मग वस्तीचं आहे, आणि वस्तीला शेड हवी आहे."

"शेड ठेवशील आणि पुढच्या वर्षी तिच्यात काय भरशील? मोकळी शेड मोठी डौलदार दिसेल. तिच्यात कोंबड्या पाळ."

शीलिनने न पेटवलेली चिलीम खिशात घातली. "तू एकटी आहेस, वहिनी."

"एकटीच खणायची मी. त्याची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी तिने खालच्या कुरणाच्या कडेने विलोच्या काठ्या रोवल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला गवताचा पिळा बांधला. या मुलखात गवताच्या पिळ्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: इथलं गवत कुणीतरी आपल्यासाठी धरलंय, दुसऱ्याने विळा लावू नये. हा मान गवताची पहिली कापणी होईपर्यंतच असतो. कापणी झाली की पिळे सोडायचे असतात, आणि मग जमीन सगळ्यांची. कापणी झाली. ल्येनझीने पिळे सोडले नाहीत.

सप्टेंबरात काहींनी ते उपटले. तिने पुन्हा रोवले. कापलेल्या नरांना बगलेतून नवे दांडे फुटले होते, तेही तिने दुसऱ्यांदा छाटले. वस्तीच्या सामायिक जात्यावर तिला पाहून बायका बोलणं थांबवू लागल्या. तिच्या धाकट्या मुलाला कुणीतरी विचारलं, तुझ्या आईने खालचं कुरण विकत घेतलं का. तो घरी येऊन खालून चुलीने तापणाऱ्या ओट्यावर पाठ करून बसला.

"आई, पिळे काढ. लोक मला तोंड वर करू देत नाहीत."

"वर करायला काय झालं? दिवसभर पत्ते खेळताना तर खालीच असतं तुझं."

"शीलिनकाका म्हणाले, ते स्वतः काढून टाकणार."

"काढू दे."

"मग तू काय करणार?"

"ज्वारी शिजत आली. ताटं घे."

पण ती बोलली तेवढी निर्धास्त नव्हती. पिळ्यांच्या जोरावर चाळीस घरांच्या कुदळी थांबणार नाहीत, हे तिला माहीत होतं. ती बांधावर उभी राहिली, तर दोन पुतणे तिला हाताला धरून, आदराने, बाजूला करतील आणि मागे च्यू वहिनी मुगाचं पाणी घेऊन उभी असेल. आपण खणतो तेव्हा नेमकं काय करतो, याचा ती पायरीपायरीने विचार करत राहिली. पानं बघतो. वाळत आलेली, जमिनीला टेकलेली पानं दिसली, मध्ये दांडा नाही, की मादी. कुदळ लावतो. म्हणजे सगळं काम डोळ्यांचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी वस्तीने पाहिलं, तर ल्येनझी आपल्या हाताने पिळे सोडून काठ्या गोळा करत होती. बातमी घरोघर गेली. च्यू वहिनीने दुपारी तिच्याकडे आंबट कोबी भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं ताट पाठवलं, मनापासून. ल्येनझीने ताट धुऊन, त्यात भोपळ्याच्या बिया घालून परत केलं.

त्याच संध्याकाळी ती मंगोल वाडीवर गेली.

"दुलमा, तुझ्या घोड्या खालच्या कुरणात आण."

"कापून झालेल्या कुरणात काय खातील? खुंट?"

"खुंटच खायला हवेत. जमिनीपर्यंत. तोंड लावतील ते सगळं. एक पान राहता कामा नये."

दुलमाने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग दुधाच्या चहाची वाटी खाली ठेवली आणि इतकी हसली की तिला खोकला आला. "आणि मुळं?"

"मुळं खालीच राहतात. पानं गेली म्हणून फांगफेंग मरत नाही. थंडीत पानं जातातच, आपण दोन आठवडे आधी घालवायची."

"तुमच्या लोकांनी माझ्या घोड्यांचे पाय मोडले," दुलमा म्हणाली. "आता माझ्या घोड्या तुमच्या लोकांचे डोळे बांधणार. आणते. मेंढ्या पण आणते. घोडी ठेवते ते मेंढी खाते."

दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, घोड्या आणि मेंढ्या खालच्या कुरणात चरल्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कापणीनंतर कुरणात जनावरं चरतातच.

दव गोठायच्या तिथीला, ऑक्टोबरच्या तेविसाव्या दिवशी, उजाडताच माणसं लांब पात्याच्या कुदळी आणि टोपल्या घेऊन खाली उतरली. कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडत होतं, कुणी मुलांना पाठीवर घेतलं होतं. शीलिनने एक नवी कोरी गोण खांद्यावर टाकली होती. ल्येनझी आधीच येऊन कुरणाच्या मध्ये उभी होती. तिच्याकडे टोपलीही नव्हती आणि कुदळही.

पहिली माणसं बांध उतरली आणि थबकली. कुरण न्हाव्याने वस्तरा फिरवावा तसं झालं होतं. तपकिरी, गोठलेलं, एकसारखं.

"वहिनी," शीलिन म्हणाला, "हे काय केलंस?"

"घोड्या चारल्या."

"माद्या कुठे आहेत?"

"आहेत तिथेच आहेत."

"म्हणजे कुठे?"

"मला विचारू नकोस. मी खुणेच्या काड्या रोवल्या होत्या, त्या पण घोड्यांनी खाल्ल्या. आता मलाही माहीत नाही."

च्यू वहिनीने कुदळ जमिनीवर आपटली. "आणि मी हिला करंज्या पाठवल्या."

"चांगल्या होत्या. मीठ थोडं जास्त."

एकजण म्हणाला, ट्रॅक्टर आणू आणि नांगर घालू, सगळंच वर येईल. शीलिनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नांगराने मुळांचे तुकडे होतात आणि तुकडे केंद्र घेत नाही. शिवाय कुरण नांगरलं तर पुढच्या हिवाळ्यात चाळीस घरांची जनावरं काय खाणार? तो माणूस मागे सरकला.

मग त्यांनी अंदाजाने खणायला सुरुवात केली. तरुण हिरिरीने भिडले. वरचा गोठलेला थर फोडायलाच दम लागत होता, आणि निघत होते ते नर: पोकळ, दोरखंडासारखे, मोडले की आत करड्या लाकडाचा भुसा. एकाने पाच काढले, पाचही तसेच. त्याच्या बायकोने ते टोपलीत टाकले आणि म्हणाली, निदान आजची चूल पेटेल. दुपार व्हायला आली तशी उत्तरेकडून वारा सुटला. मुलं रडू लागली. बिया फोडणारे बिया फोडायचे थांबले.

शीलिनने हातमोजे काढले आणि तो गुडघ्यांवर बसला.

डोळ्यांशिवाय मादी शोधणारी वस्तीत दोनच माणसं उरली होती, ल्येनझी आणि शीलिन. सासूने दोघांना एकत्र शिकवलं होतं, बर्फ पडल्यावर, डोळ्यांवर फडकं बांधून: बोटं मातीवरून फिरवायची, जुन्या पानांच्या देठांचा केसाळ कुंचा लागतो, कुंच्याच्या मध्ये पोकळ खुंट लागला तर नर, कुंचा मिटलेला असला तर मादी. पुढे बर्फाआधीच खणून होऊ लागलं, आणि बोटांनी शोधायची कुणाला गरजच पडली नाही. शीलिन विसरला असेल, असं तिने धरलं होतं. हिशेबात तिने हीच एक पायरी गाळली होती.

त्याचा हात मातीवरून सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. मग थांबला तो हललाच नाही.

त्याने कुदळ मागितली. सावकाश, बाजूने माती काढत, आईने शिकवलं होतं तसं खणलं, आणि कोपरापर्यंत पोचेल एवढं लांब, अंगठ्याएवढं जाड मूळ सबंध वर काढलं. शेंडा मोडला. मोडलेली जागा तेलकट होती, पिवळ्या गाभ्याभोवती तपकिरी कडं, आणि तो वास थंड हवेतही सगळ्यांपर्यंत गेला. माणसं जवळ आली. त्यांतल्या तरुणांनी असं मूळ कधी पाहिलं नव्हतं.

"अशी असते होय?" कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

"प्रमुख, अजून शोधा," दुसरा म्हणाला. "तुम्हाला जमतंय. शोधा, आम्ही खणतो."

सगळ्यांचे डोळे शीलिनवर होते. ल्येनझी चार पावलं पुढे आली.

"शोध ना," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत गोण भरशील. मी अडवत नाही, माझ्यात तेवढा जोर नाही. पण खणण्याआधी या पोरांना सांग, हे रोप किती वर्षांचं आहे ते."

शीलिनने मुळाच्या डोक्यावरची वळी अंगठ्याने चाचपली. "आठ. नऊ असेल."

"आणि आज काढलेले नर?"

चुलीसाठी टोपली भरलेली ती बाई म्हणाली, "दोन-तीन वर्षांचे. सगळे."

"नऊ वर्षांच्या आईचं बी हवंय की दोन वर्षांच्या बापाचं, ते तुम्हीच ठरवा. मी ठरवलंय. या वर्षी घोड्या चारल्या, पुढच्या वर्षी चारीन, त्याच्या पुढच्याही. माझी बोटं चालतायत तोवर प्रत्येक नराचं डोकं उडवीन. तुम्ही पिळे उपटा, मला वेडी म्हणा, जात्यावर बोलू नका. मला जात्यावर दळायचं असतं, बोलायचं नसतं."

"शेड जाईल, वहिनी," शीलिन म्हणाला. तो अजून गुडघ्यांवरच होता.

"जाऊ दे."

"साठ ली चालावं लागेल. तुला पण."

"मला पण."

वारा त्याच्या रिकाम्या गोणीत शिरला आणि ती फुगून पुन्हा बसली. त्याने एक हात जमिनीवर टेकला होता. ल्येनझीला दिसलं की तो हात दुसऱ्या कुंच्यावर आहे. बोटं थोडी वाकली होती आणि त्यांचा दाब मातीवर पडला होता. तिने ते पाहिलं, हे त्यालाही दिसलं.

मग त्याने हात उचलला आणि हातमोजे घातले.

"माझी बोटं बधिर झाली," तो म्हणाला. "आणखी काही लागत नाही."

"एक लागलं, तर दुसरं कसं लागत नाही?" च्यू वहिनीने विचारलं.

"तुला लागत असेल तर बस खाली आणि शोध."

च्यू वहिनी बसली, हे कबूल करायला हवं. तिच्याबरोबर आणखी चौघी-पाचजणी बसल्या आणि गोठलेल्या जमिनीवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. त्यांना मेंढ्यांच्या लेंड्या लागल्या. एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. शेवटी च्यू वहिनी उठली, गुडघे झटकले, आणि म्हणाली की हिच्या नादाला लागून मेलं सगळं अंग आंबलं, आता हिनेच वारा अडवायचा काढा पाठवावा.

"मूळ कुठलं घालू त्यात?" ल्येनझीने विचारलं. "तुझ्या टोपलीतलं?"

शीलिनने खड्डा बुजवला, गवताचा तुकडा वर बसवला आणि त्यावर पाय दिला. मूळ त्याने कोटाच्या आत ठेवलं. ल्येनझीने हात पुढे केला.

"ते पण दे."

"हे तपासनिसाला दाखवायचंय."

"कशाला?"

"दाखवायचंय," तो म्हणाला आणि रिकामी गोण घडी करत बांध चढला. तिने त्याचे आभार मानले नाहीत. एकही जायला नको होतं, असं तिचं मत होतं, आणि ते तिने पुढे त्याच्यासमोर अनेकदा बोलून दाखवलं.

नोव्हेंबरात शेड बंद झाली. वस्तीच्या बायका रानचहाची पहिली गाडी घेऊन तालुक्याला निघाल्या तेव्हा वाटभर ल्येनझीला शिव्या देत होत्या. ती त्याच गाडीच्या मागे, स्वतःचं गाठोडं पाठीवर घेऊन चालत होती आणि ऐकत होती. खालच्या कुरणातून त्या शरदात गेलेली न फुललेली मुळं: एक.